तानाग्राला दार्मोक, उसात अप्पा

स्पॉकचा शर्ट निळा असतो हे मला विशी ओलांडल्यावर कळलं. तोवर माझ्या मनात तो राखाडीच होता. कॅप्टन कर्कचा त्याहून जरा उजळ राखाडी आणि मागे उभ्या असलेल्यांचा गडद राखाडी. साताऱ्याला आमच्याकडे शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन अंतराळ मालिका लागायची, कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक तिच्यातलेच, तेव्हा भाऊ गच्चीत अँटेना फिरवत असायचा आणि मी खालून ओरडत असायचे, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावरच्या मुंग्यांमधून ते अंतराळयान हळूहळू सरकत जायचं. इंग्रजी घरात कुणालाच धड कळत नव्हतं. मी चेहऱ्यांवरून गोष्ट लावायचे. कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोणाचं कोणावाचून अडतंय, एवढं कळलं की पुरे व्हायचं.

अमेरिकेत ती मालिका बंद पडून तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. 1966 च्या सप्टेंबरात सुरू झाली, तीन वर्षांत 79 भाग झाले आणि 1969 मध्ये गुंडाळली गेली. मोठी झाली ती नंतर, पुन्हा पुन्हा दाखवली गेल्यामुळे. इतकी, की 1976 मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून मालिकेतल्या यानाचं 'एंटरप्राइज' हे नाव द्यायला लावलं. पुढे 1987 ते 1994 'नेक्स्ट जनरेशन' या तिच्या पुढच्या मालिकेचे 178 भाग झाले, त्यानंतरही नवनव्या मालिका येत राहिल्या. माझ्या आयुष्यात हे सगळं सतत होतं, पण एकटीचं होतं. घरातली माणसं टीव्हीसमोरून जाताना "लागलं का तुझं ते कानवाल्याचं?" म्हणायची आणि पुढे जायची. मला मात्र फार वाटायचं की या माणसांनी एकदा तरी माझ्याशेजारी बसून ते बघावं. आवडती भाजी एकटीने खाल्ली तर पोट भरतं, पण "अगं, बघ ना चव" म्हणायला कुणीतरी लागतं.

तीन वर्षांपूर्वी मी मनावर घेतलं आणि सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी केली. सुरुवातीपासून सुरुवात केली. 1966 मध्ये सगळ्यात आधी दाखवला गेलेला भाग लावला. त्यात माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा एक प्राणी आहे, तो हव्या त्या माणसाचं रूप घेतो. लेक तेव्हा आठवीत होती, बारा मिनिटांनी तिचा हात फोनकडे गेला. नवऱ्याने "छान आहे" म्हणत डोळे मिटले. आईने तेवढं विचारलं, "या बाईला एवढं मीठ कशाला हवंय?" प्रश्न अगदी बरोबर होता, पण उत्तर यायच्या आत तिची औषधाची वेळ झाली.

नंतर विचार केल्यावर चूक लक्षात आली. आपल्याला महाभारत कुणी आदिपर्वापासून सांगितलं नव्हतं. मला सगळ्यात आधी अभिमन्यू भेटला, चक्रव्यूहात अडकलेला, कारण त्या दिवशी मी शेजारच्या वाड्याच्या बोळात चुकले होते आणि रडत घरी आले होते. आजीने त्या दिवशी ती गोष्ट काढली. जुनी 'स्टार ट्रेक' तशीच आहे, सुट्या आख्यानांची. कीर्तनकार समोरचे श्रोते बघून आख्यान लावतो, तसा भाग माणूस बघून लावायला हवा. कोणी "कुठून सुरू करू?" असं विचारलं तर हल्ली मी आधी त्यालाच विचारते, सध्या घरी काय चाललंय.

मे महिन्यात आम्ही सासरी गेलो होतो. सासर जुन्नर तालुक्यात. ऊस, कांदा, थोडी द्राक्षं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, पंचाहत्तरीचे. दुपारी उन्हाने बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. लेक कंटाळली होती. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि 1967 मधला एक भाग लावला, 'द डेव्हिल इन द डार्क', म्हणजे अंधारातला सैतान. अप्पा पलंगावर आडवे होते. त्यांच्यासाठी मी लावलाच नव्हता.

लेकीला पहिल्यांदा हसू आलं ते दगडांचं. गुहेच्या भिंती सरळसरळ रंगवलेल्या कळतात, जमीन आरशासारखी गुळगुळीत आहे. "आई, हे थर्माकोल आहे." पलंगावरून आवाज आला, "असू दे की. बघ पुढं." अप्पांनी आयुष्यभर जत्रेतले तमाशे बघितलेले. वगात राजा स्टेजला एक फेरी मारतो आणि दुसऱ्या मुलखात पोचतो. मागे पडदा तोच, ढोलकी तीच, तरी त्यांना तो मुलूख दिसतो. या मालिकेवाल्यांचंही तेच झालं होतं. दर आठवड्याला अवाढव्य यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून माणसं उजेडात विरघळवून खाली पाठवायची युक्ती काढली. मी लेकीला हे ट्रान्सपोर्टर प्रकरण समजावत होते, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "अंतर्धान पावले," आणि उठून बसले. पुढे मला त्यांना काहीही समजवावं लागलं नाही. जे तंत्र आजच्या मुलांना जुनाट वाटतं ते बघायची तयारी त्या पिढीकडे आधीपासून आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गोष्ट अशी आहे. दूरच्या एका ग्रहावर खाण आहे. खाणकामगारांनी एक नवीन थर खोदायला घेतला आणि तेव्हापासून माणसं मरू लागली. अंधारातून काहीतरी येतं, खडकातून लोण्यातून सुरी जावी तसं जातं आणि माणसाला जाळून टाकतं. पन्नास माणसं गेली आहेत. मी दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत होते. अप्पा मध्येच म्हणाले, "नवीन जागा कधी खोदली म्हणाली? आणि मारायला कधी लागलं?" मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

खाणीच्या मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर एक गोल दगड असतो, शोभेला ठेवलेला. नव्या थरात असे हजारो सापडलेत, काही उपयोगाचे नाहीत म्हणून फोडून टाकलेत. कॅमेरा त्या दगडावर जरा रेंगाळतो. अप्पा म्हणाले, "मादी आहे ती. पिल्लं आहेत हिथं."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी हा भाग वीसेक वेळा बघितला आहे, पहिल्यांदा बघताना मला ते शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत कळलं नव्हतं.

जुन्नर पट्ट्यात बिबट्या उसात राहतो. नुसता येऊन जात नाही, तिथेच जन्मतो. मादीला दाट ऊस म्हणजेच जंगल. तिथे पिल्लं होतात, आणि तोडणी सुरू झाली की कोयत्याखाली एकदम ती पिल्लं उघडी पडतात, मांजराएवढी. मग मादी पिसाळते. अप्पांना याचं कौतुक मुळीच नाही. त्यांच्या ओळखीतल्या घरांमधली माणसं गेलेली आहेत. रात्रीची लाईट असते तेव्हा पाणी भरायला जाताना त्यांच्या हातात काठी, बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेलं भजन असतं. पडद्यावरची खाणीची माणसं हातात दांडकी घेऊन निघाली, तेव्हा ती अप्पांना चुकीची वाटली नाहीत. "पन्नास माणसं मेल्यावर दुसरं काय करतील?" असंच ते म्हणाले.

त्यामुळेच पुढचा प्रसंग त्यांनी जसा बघितला तसा मी कुणालाच बघताना पाहिलेलं नाही. तोपर्यंत कर्क म्हणत असतो मारा, आणि स्पॉक म्हणत असतो की आपल्या जातीचा हा बहुधा शेवटचा जीव आहे, जगवता आला तर बघू. मग बोगदा कोसळतो आणि कर्क एकटाच त्या प्राण्यासमोर अडकतो. तिकडून स्पॉकच घाईघाईने सांगतो, मारून टाक त्याला. आणि कर्क, समोर बसलेला, गोळी झाडत नाही. प्राणी जखमी आहे. तो पुढे येत नाही, हा मागे जात नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसतात. अप्पांच्या हातातला पंखा थांबला होता. खूप वेळाने म्हणाले, "असं बसावं लागतंय. मी बसलोय." किती वर्षांपूर्वी, कुठल्या बांधावर, तेव्हा पुढे काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या प्राण्याचं नाव होर्टा. पन्नास हजार वर्षांतून एकदा सगळे होर्टा मरतात, एकच मागे उरते, आणि ती सगळ्यांची अंडी सांभाळते. ते गोल दगड म्हणजे अंडी. खाणीचा माणूस ओरडतो की हिने माझी पन्नास माणसं मारलीत, त्यावर कर्क सांगतो की तुम्ही हिची हजारो पोरं मारलीत. मी हे वाक्य मराठीत सांगितलं तेव्हा माझा आवाज बरोबर लागला नाही. शेवटी समझोता होतो. पिल्लं बोगदे खोदतील, माणसं त्यातून खनिज काढतील, कुणी कुणाच्या वाटेला जाणार नाही. अप्पांना हा शेवट पटला नाही. "एवढं सोपं नसतंय," म्हणाले. थोड्या वेळाने चहा पिताना पुन्हा म्हणाले, "पण ती होरटी बरोबर होती." होर्टाची त्यांनी होरटी केली होती. स्त्रीलिंगी शब्दाला मराठीत जसा शेवट हवा तसा.

त्या सुट्टीत लेकीने आणखी सात भाग बघितले, सगळे अप्पांबरोबर. स्पॉकचा नमस्कार, म्हणजे चार बोटांची दोन-दोन अशी फाकलेली जोडी, तिला पहिल्या झटक्यात जमला. लिओनार्ड निमॉय यांनी तो लहानपणी सिनेगॉगमध्ये बघितला होता, यहुदी पुरोहित आशीर्वाद देताना हात तसे धरतात. अप्पांना तो जमेना. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका जुन्या विळ्याच्या जखमेने एकमेकींना धरूनच आहेत, आणि मधलं बोट त्यांच्याबरोबर ओढलं जातं. लेक त्यांच्या पायाशी बसून ते बोट हळूहळू सोडवून देत होती, ते सुटलं की परत जाऊन चिकटत होतं, असं बराच वेळ चाललं होतं.

आईचा प्रश्न वेगळा होता. माझी आई आमच्याकडे पुण्याला असते. तिच्यात आणि लेकीत प्रेम खूप, पण बोलणं जमेना. लेक इंग्रजी माध्यमातली. मराठी तिला येतं, पण आईचं मराठी येत नाही. आई सरळ बोलतच नाही. लग्नाला निघताना लेकीच्या कानात काही नव्हतं, तर आई म्हणाली, "लंकेची पार्वती होऊन निघालीस?" लेकीला लंका माहीत, पार्वती माहीत, पण ती तिथे कशाला गेली ते माहीत नाही. भाचीने साध्या कागदात गुंडाळून चिक्की आणली, की आईच्या तोंडी सुदाम्याचे पोहे. नवऱ्याने ऑफिसातून "निघतोच आहे" असा फोन केला की नरो वा कुंजरो वा. लेक एकदा रडवेली होऊन मला म्हणाली, "आजीचा प्रत्येक शब्द मला कळतो, पण आजी काय म्हणते ते कळत नाही."

हे वाक्य ऐकलं आणि मी त्याच शनिवारी 'दार्मोक' लावला.

'नेक्स्ट जनरेशन'च्या पाचव्या वर्षातला, 1991 मधला हा भाग. एंटरप्राइजवर सगळ्या भाषांचं भाषांतर करणारं यंत्र आहे. तामा नावाच्या लोकांशी गाठ पडते आणि यंत्र इमानाने भाषांतर करतं. ऐकू येतं ते असं: "तानाग्राला दार्मोक आणि जलाद." "शाका, भिंती पडल्या तेव्हा." "तेंबा, त्याचे हात पसरलेले." शब्द सगळे कळतात, अर्थ काही लागत नाही. त्यांचा कॅप्टन डेथन हातात दोन खंजीर घेतो आणि आपल्या कॅप्टन पिकार्डला घेऊन एका ओसाड ग्रहावर उतरतो. पिकार्डला वाटतं हा द्वंद्वाला बोलावतोय.

ग्रहावर रात्र पडते. पिकार्डला आग पेटवता येत नाही, तो थंडीने कुडकुडतोय. पलीकडे डेथनचा जाळ छान पेटलेला. तो आपल्या जाळातलं एक जळतं लाकूड उचलून पिकार्डकडे टाकतो आणि म्हणतो, "तेंबा, त्याचे हात पसरलेले."

आई सोफ्यावर वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "घे म्हणतोय. कर्णाचं नाव घ्यावं तसं घेतलंन त्याने." 

लेक उठून उभीच राहिली. "आई, ही तर आजी आहे! हे सगळे आजी आहेत!"

मग रिमोट तिने स्वतःकडे घेतला. थांबवत होती, आजीला विचारत होती, परत सुरू करत होती. यानावरची माणसं अर्धा भाग डोकं खाजवून शेवटी म्हणतात, की हे म्हणजे 'ज्युलिएट, तिच्या सज्जात' असं म्हणण्यासारखं आहे, ज्युलिएट कोण हे माहीत नसेल तर काय कळणार? आमच्याकडे तोवर यादीच तयार झाली होती. "शाका, भिंती पडल्या तेव्हा" म्हणजे काय, तर आई म्हणाली, "पानिपत." आणि वातींचं ताट बाजूला ठेवून तिने नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेल्या सावकारी चिठ्ठीची गोष्ट सांगितली. 1761 साल, उत्तरेकडून बातमी नाही, आणि मग ती ओळ: दोन मोत्ये गळाली, मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. लेक तोंडात बोट घालून ऐकत होती. अख्ख्या मराठी मुलखाला आपली सगळ्यात मोठी बातमी अशीच कळली होती, दार्मोकच्या भाषेत, आणि वाचणाऱ्याला अर्थ विचारावा लागला नव्हता.

या भागावर अनेक जण एक आक्षेप घेतात आणि तो लेकीनेही घेतला: ही माणसं नुसत्या गोष्टींच्या नावांनीच बोलतात, तर पोरांना मुळात त्या गोष्टी कुठल्या भाषेत सांगतात? मी भाषाशास्त्राकडे वळणार होते, पण आई म्हणाली, "मला कुणी बसवून शिकवल्या होत्या? आई जात्यावर बसली की मी मांडीवर. कानावर पडत गेल्या." मला आजवर वाचायला मिळालेल्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा हे मला जास्त पटतं.

पुढे डेथन त्या ग्रहावरच्या श्वापदाशी लढताना घायाळ होतो. पिकार्डला तेव्हा उमगलेलं असतं. हा लढायला नव्हताच आला, संकटासमोर दोघं एकत्र उभे राहिले म्हणजे दोघांची मिळून एक गोष्ट होईल आणि त्या गोष्टीतून बोलता येईल, एवढ्यासाठी त्याने जीव पणाला लावला. रात्री जाळाशी डेथन शेवटचे श्वास घेत पडलेला आहे आणि त्याला गोष्ट हवी आहे. पिकार्ड त्याला गिल्गमेशची सांगतो, मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यातल्या राजाची. एन्किडू त्याचा मित्र कसा झाला, दोघं मिळून कसे लढले, आणि एन्किडू कसा गेला. डेथनला भाषा कळत नाही, पण तो सगळं ऐकतो.

खोलीत कुणी बोललं नाही. मग आई हळूच म्हणाली, "परीक्षिती."

लेकीने विचारलं, कोण? आईने सांगायला सुरुवात केली. सात दिवसांनी मरण येणार हे कळलेला राजा, गंगेच्या काठी बसलेला, आणि त्याला भागवत ऐकवणारे शुक. भाग संपला, नावं वर सरकत गेली, टीव्ही आपोआप बंद झाला, तरी ते चालूच होतं. मी आत जाऊन भात लावला. साडेदहाला बाहेर आले तेव्हा दोघी तक्षकापाशी पोचल्या होत्या, बोरातल्या अळीपाशी.

नवऱ्याचं राहिलं. त्याला या मालिकेची ओढ लागली नाही आणि आता मी आग्रह करत नाही. तो शेजारी येऊन बसतो, शेंगा सोलतो, अर्ध्या शेंगा मला देतो.

जानेवारीत अप्पांकडे तोडणी चालू होती. फोन सहसा सासूबाई करतात, त्या दिवशी सकाळी साडेसहाला अप्पांचा आला आणि त्यांनी नातीला द्यायला सांगितला. ती अर्धवट झोपेत होती, मी स्पीकर लावला. आदल्या दिवशी दुपारी टोळीला फडात दोन पिल्लं सापडली होती. काम थांबवलं, वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली आणि अंधार पडायच्या आत सापडली त्याच जागेवर क्रेटमध्ये ठेवून वर झाकण टाकलं, बाजूला कॅमेरा लावला. अप्पांनी गडीमाणसांना, टोळीच्या बायकापोरांना सगळ्यांना वस्तीवर आणून दारं लावून घेतली होती. रात्रभर त्यांना झोप नव्हती.

"मग?" लेक उठून बसली होती.

"होरटी आली होती," अप्पा म्हणाले. "तीनच्या सुमाराला. दोन्ही घेऊन गेली."